फलत्यागाचा हुकूम

कॅलिफोर्नियातील सनीव्हेल या गावी अटारी कंपनीच्या नोकरीत असलेला वॉरन रॉबिनेट हा तरुण प्रोग्रामर 1979 साली ‘ॲडव्हेंचर’ नावाचा व्हिडिओ गेम एकट्याने रचीत होता. हे काम चालू असता वरिष्ठांस न कळवता त्याने त्या खेळात एक गुप्त दालन बांधले. भिंतीच्या रंगात मिसळून गेलेला इवलासा ठिपका शोधून तो ठराविक जागी नेल्यावाचून त्या दालनाचे दार उघडत नसे, आणि ते उघडल्यावर आत रॉबिनेट याचे नाव लिहिलेले आढळे. कर्त्याचे नाव वेष्टनावर, माहितीपुस्तिकेत वा पडद्यावर कोठेही येता कामा नये, असा कंपनीचा दंडक होता. आणि एका खेळाडू मुलाच्या पत्रावरून कंपनीला त्या दालनाचा सुगावा लागला तेव्हा रॉबिनेट नोकरी सोडून निघूनही गेला होता. आपल्याच कृतीत आपले नाव चोरून ठेवण्याची वेळ कर्त्यावर यावी, यात स्वामित्वासंबंधीचा एक जुना आणि गहन प्रश्न उभा राहतो: ज्याने कर्म केले त्याचा त्या कर्माशी जो संबंध असतो, तो पगार चुकता केल्याने संपतो काय?

अटारी 1972 साली स्थापन झाली, ती खेळ रचणाऱ्या माणसांच्या हौसेतून. 1976 साली वॉर्नर कम्युनिकेशन्स या बलाढ्य कंपनीने ती 2 कोटी 80 लाख डॉलरना विकत घेतली, आणि थोड्याच काळात तिची सूत्रे रे कसार या वस्त्रोद्योगात मुरलेल्या व्यवस्थापकाकडे गेली. कापडाच्या गिरणीत ठाण विणणाऱ्याचे नाव ठाणावर छापीत नाहीत, हा अनुभव गाठीशी असलेल्या माणसाने खेळ रचणाऱ्यांकडे त्याच दृष्टीने पाहिले, याचे नवल वाटू नये. पुढे एका कार्यालयीन पत्रकात प्रत्येक खेळाच्या विक्रीचे आकडे प्रसिद्ध झाले, तेव्हा कंपनीच्या उत्पन्नातील फार मोठा वाटा आपण रचलेल्या खेळांचा आहे हे डेव्हिड क्रेन, ॲलन मिलर, लॅरी कॅप्लन आणि बॉब व्हाइटहेड या चौघांच्या ध्यानात आले. नावाची आणि उत्पन्नातील थोड्याशा हिश्श्याची मागणी घेऊन ते कसार यांच्यासमोर गेले असता, खेळ जुळवणाऱ्या कामगाराहून तुमचे महत्त्व अधिक नाही, अशा आशयाचे उत्तर मिळाल्याचे क्रेन यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे. त्या उत्तरात कामगाराचाही अपमान होता, ही गोष्ट सहसा कोणी लक्षात घेत नाही. चौघे बाहेर पडले आणि 1979 साली त्यांनी ॲक्टिव्हिजन स्थापन केली. तिच्या खेळांवर रचनाकाराचे नाव ठळकपणे छापले जाऊ लागले, आणि तिचा ‘पिटफॉल’ हा 1982 सालचा खेळ क्रेन यांच्या नावानिशी घरोघर पोचला.

येथे आपल्या परंपरेतून एक आक्षेप उभा राहतो, आणि तो हलका नाही. वेरुळचे कैलास लेणे ज्या असंख्य हातांनी कातळातून वरून खाली उतरवले, त्या हातांच्या धन्यांची नावे कोणी कोरून ठेवली नाहीत. आणि गीतेचा सारा उपदेश तर कर्माच्या फळावरची आसक्ती सोडण्याचाच आहे. मग नावासाठी झगडणाऱ्या या प्रोग्रामरांविषयी, ज्यांच्यावर निष्काम कर्माचे संस्कार झाले आहेत अशा मराठी वाचकाला, सहानुभूती का वाटावी? अहंकाराचाच हा एक नवा, विद्युत्प्रकाशात झळकणारा अवतार नव्हे काय?

या आक्षेपाचे उत्तर माझ्या मते त्यागाच्या स्वरूपातच आहे. त्याग ही कर्त्याची स्वतंत्र कृती होय. ज्याच्यापाशी एखादी वस्तू आहे आणि ती ठेवण्याचा अधिकार आहे, तोच ती सोडू शकतो. गीतेतील उपदेश अर्जुनाला त्याच्या कल्याणासाठी केलेला आहे. तो ऐकून घेऊन दुर्योधनाने अर्जुनाला ‘तू लढ, फळाची आशा ठेवू नकोस, राज्य मी घेतो’ असे म्हटले असते तर तो उपदेश राहिला नसता, दरोडा झाला असता. फळावरची आसक्ती मी सोडणे हा धर्म आहे. तू सोड आणि मला दे, असे दुसऱ्याने मला फर्मावणे हे अपहरण आहे, मग त्या फर्मानाला कितीही उदात्त शब्द जोडलेले असोत. दुसरेही एक आहे. ज्या संतांनी घरदार, मानमरातब, देहाचा अभिमान हे सारे सोडले, त्यांनीही आपल्या अभंगाच्या अखेरच्या चरणात आपली नाममुद्रा ठेवली. तिच्यात अहंकार शोधणे व्यर्थ होय, कारण ती जबाबदारीची खूण आहे. हे बोल माझे आहेत, यांचा जाब विचारायचा तर मला विचारा, असे ती म्हणते. ज्या व्यवस्थेत कर्त्याचे नाव पुसले जाते, त्या व्यवस्थेत कोणाला जाब विचारावा हेही यथाकाल पुसले जाते.

उदात्त शब्दांचा उल्लेख केला तो उगाच नाही. या धंद्यातील व्यवस्थापकांच्या तोंडी आवड, ध्यास, कुटुंब हे शब्द सदैव असतात. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स ही कंपनी 1982 साली ट्रिप हॉकिन्स यांनी स्थापन केली ती प्रोग्रामर हा कलावंतच होय अशी घोषणा करून. तिचे आरंभीचे खेळ ग्रामोफोनच्या तबकड्यांसारख्या देखण्या वेष्टनांतून, रचनाकारांच्या नावांसह बाजारात येत. त्याच कंपनीविषयी 2004 च्या नोव्हेंबरात एका कर्मचाऱ्याच्या जीवनसाथी स्त्रीने निनावी पत्र प्रसिद्ध केले. आठवड्याचे सातही दिवस सकाळी नऊ ते रात्री दहा असे काम, जादा वेळेचा मोबदला नाही, आणि हे काही निकडीच्या अखेरच्या दिवसांपुरते नव्हे तर आधीपासून आखून ठेवलेले, असा त्या पत्राचा मजकूर होता. कर्मचाऱ्यांनी लावलेले दावे मिटवण्यासाठी पुढे कंपनीला चित्रकारांच्या गटास 1 कोटी 56 लाख आणि प्रोग्रामरांच्या गटास 1 कोटी 49 लाख डॉलर मोजावे लागले. मला या प्रकरणातील रकमेपेक्षा त्यामागील तर्क अधिक अस्वस्थ करतो. माणसाला कामाची खरी गोडी आहे, म्हणून त्याला मोबदला कमी आणि विश्रांती नाही: अशी जेथे विचारसरणी असते, तेथे माणसाच्या अंतःकरणातील सर्वांत निर्मळ गोष्ट हीच त्याला बांधण्याची दोरी होते. साधकाच्या तळमळीवर उपजीविका करणाऱ्या ढोंगी गुरूला आपण ओळखतो. हाच व्यवहार कंपनीच्या दप्तरात घडला की आपण त्याला उद्यमशीलता म्हणतो.

ॲक्टिव्हिजनचे पुढे काय झाले, हे या प्रश्नाच्या दुसऱ्या अंगाकडे नेणारे आहे. 1991 साली ती बॉबी कोटिक यांच्या हाती आली, 2008 साली विवेंदीच्या खेळविभागाशी विलीन होऊन ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड झाली, आणि अखेर 2023 च्या ऑक्टोबरात मायक्रोसॉफ्टने ती 6,870 कोटी डॉलरच्या सौद्यात घेतली. चार महिने उलटले नाहीत तोच मायक्रोसॉफ्टच्या खेळविभागातून 1,900 माणसे कमी करण्यात आली. दरम्यान 2010 साली ‘कॉल ऑफ ड्यूटी’ या अफाट खपाच्या मालिकेची जन्मदात्री असलेल्या इन्फिनिटी वॉर्ड स्टुडिओचे दोघे प्रमुख, जेसन वेस्ट आणि व्हिन्स झॅम्पेला, यांना ॲक्टिव्हिजनने बडतर्फ केले. कंपनीचा आरोप शिस्तभंगाचा होता, त्या दोघांची फिर्याद बुडवलेल्या मोबदल्याची होती, आणि 2012 साली खटला न्यायालयाबाहेर मिटला. परंतु मधल्या काळात इन्फिनिटी वॉर्डमधील कितीतरी अनुभवी माणसे आपापले राजीनामे देऊन या दोघांच्या रिस्पॉन या नव्या स्टुडिओत गेली. मुळात इन्फिनिटी वॉर्ड हीच 2002 साली दुसरा एक स्टुडिओ सोडून आलेल्या 22 जणांनी उभी केली होती.

मग स्टुडिओ म्हणजे नेमके काय? मिलिंदप्रश्न या बौद्ध ग्रंथात भिक्षू नागसेन मिलिंद राजाला विचारतो की रथ म्हणजे चाक काय, आस काय, जू काय. आणि यांपैकी एकही रथ नव्हे असे राजाकडूनच वदवून घेतो. स्टुडिओविषयी हाच प्रश्न केला तर काय उत्तर येईल? इमारत म्हणजे स्टुडिओ नव्हे. ती भाड्याची असते. नाव म्हणजे स्टुडिओ नव्हे, कारण इन्फिनिटी वॉर्डचे नाव 2010 नंतरही दारावर तसेच होते. खेळाचे हक्क म्हणजेही नव्हे: बंगी हा स्टुडिओ 2007 साली मायक्रोसॉफ्टपासून वेगळा झाला तेव्हा त्याने निर्माण केलेले ‘हेलो’चे सारे विश्व मायक्रोसॉफ्टपाशी राहिले, आणि तरीही बंगी बंगीच राहिला. एकेकटा माणूस म्हणजे तर स्टुडिओ नव्हेच. चित्रकाराची रेषा पाहून प्रोग्रामर जे सुचवतो, त्यावरून रचनाकार आपला बेत बदलतो, आणि चाचणी करणारा चौथ्यांदा त्याच ठिकाणी अडखळतो तेव्हा तिघांनाही आपली चूक उमगते, हा जो परस्परांतील सवयीचा, विश्वासाचा, वर्षानुवर्षे मुरलेला व्यवहार, तो स्टुडिओ होय. बौद्ध दर्शनाच्या भाषेत तो प्रतीत्यसमुत्पन्न आहे. अनेक कारणांच्या सांनिध्यात उभा राहिलेला, आणि ते सांनिध्य मोडले की नाहीसा होणारा. खरेदीखतावर त्याची नोंद करता येत नाही. कोट्यवधी डॉलर मोजून कंपनी चाके, आस आणि जू विकत घेते, आणि रथ आपल्या मालकीचा झाला असे समजते.

हा समज केवळ तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने चुकीचा असता तर त्याविषयी इतके लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु या चुकीची किंमत चुकवणारे लोक निराळे असतात. स्वीडनमधील एम्ब्रेसर या समूहाने अल्पावधीत अनेक देशांतील स्टुडिओंची प्रचंड खरेदी केली. 2023 च्या मे महिन्यात सुमारे 200 कोटी डॉलरचा एक अपेक्षित करार ऐनवेळी फिसकटला, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टअखेर अमेरिकेतील इलिनॉय राज्यात 1993 पासून चालत आलेला व्होलिशन हा या समूहाचा स्टुडिओ एका दिवसात बंद झाला. त्या स्टुडिओचा शेवटचा खेळ अपेक्षेस उतरला नव्हता हे खरे आहे. पण ज्या कराराच्या वाटाघाटीत त्याच्या माणसांना कोणी विचारले नव्हते, त्या कराराच्या अपयशाचा भार त्यांच्या शिरावर आला. टोकियोतील टँगो गेमवर्क्सची कथा तर याहून विचारात पाडणारी आहे. 2023 च्या जानेवारीत आलेला त्यांचा ‘हाय-फाय रश’ हा खेळ समीक्षकांनी वाखाणला, खेळाडूंनी उचलून धरला, मालक मायक्रोसॉफ्टच्या अधिकाऱ्यांनीही त्याचे यश जाहीरपणे मान्य केले. आणि 2024 च्या मे महिन्यात तो स्टुडिओ बंद करण्याचा हुकूम निघाला. पुढे क्राफ्टन या कोरियन कंपनीने त्याला आश्रय दिला, हे त्याचे दैव. कर्म उत्तम, फळही उत्तम, आणि तरीही कर्त्याचा उच्छेद: कर्मविपाकाच्या कोणत्याही सिद्धान्तात हे बसत नाही. हिशेब दुसऱ्याच कोणत्या तरी वहीत मांडलेला होता, आणि ती वही त्या माणसांना कधी पाहावयास मिळाली नव्हती.

आपल्याकडेही ही गोष्ट अपरिचित नाही. फ्रान्समधील युबिसॉफ्ट कंपनीचे पुण्यात 2008 पासून आणि मुंबईत 2018 पासून स्टुडिओ आहेत. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ मालिकेतील एका गाजलेल्या जुन्या खेळाची नवी आवृत्ती या दोन स्टुडिओंकडून होणार असे 2020 साली जाहीर झाले, तेव्हा इकडच्या तरुणांना वाटलेला अभिमान साहजिक होता. आणि पहिल्या झलकेवर टीका झाल्यानंतर 2022 साली ते काम कॅनडातील मॉन्ट्रियलच्या स्टुडिओकडे वळवण्यात आले. निर्णय योग्य होता की अयोग्य, याची चर्चा येथे करीत नाही. पुण्यामुंबईच्या मुलांनी त्या कामात घातलेल्या काळाला त्या निर्णयाच्या तराजूत काही वजन होते किंवा नाही, एवढाच माझा प्रश्न आहे.

दुसरी बाजू सांगितल्यावाचून पुढे जाणे अन्यायाचे होईल. मोठा खेळ रचायला शेकडो माणसे आणि चारपाच वर्षे लागतात, आणि तोपर्यंत दरमहा पगार कोणीतरी द्यावा लागतो. भांडवलदाराने घेतलेला तो धोका खराच असतो. शिवाय मालकी कर्त्यांच्या हाती असली म्हणजे सारे सुरळीत चालते असेही नाही. थ्रीडी रेल्म्स या खाजगी मालकीच्या स्टुडिओने 1997 साली जाहीर केलेला ‘ड्यूक न्यूकेम फॉरएव्हर’ 2011 साली, तोही दुसऱ्यांच्या हातून, पुरा झाला. तगादा लावणारा कोणी नसला की कलावंताचा ध्यासही भरकटतो. भांडवलाचा धिक्कार करून हा प्रश्न सुटत नाही. भांडवल कोणत्या नात्याने स्टुडिओत यावे, हा खरा प्रश्न आहे.

त्या नात्याचा एक नमुना आपल्या विधिशास्त्रात फार दिवसांपासून आहे. देवस्थानची इनाम जमीन कोणाची? देवाची. हिंदू देवमूर्ती ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती होय, हे तत्त्व 1925 साली प्रिव्ही कौन्सिलनेही मान्य केले. परंतु मूर्ती स्वतः बोलत नाही, सही करीत नाही; म्हणून तिच्या वतीने वहिवाटदार कारभार पाहतो. तो मालक नव्हे. उत्पन्न देवाच्या सेवेसाठी लावणे त्याच्यावर बंधनकारक आहे. आणि त्याने अफरातफर केली तर देवाच्या वतीने भक्तालाही न्यायालयात दाद मागता येते. आधुनिक कंपनी हीसुद्धा अशीच कल्पित व्यक्ती आहे: तिला देह नाही, तिला मृत्यूचे भय नाही, आणि तिच्या वतीने संचालक कारभार पाहतात. मग भेद कोठे पडला? देवस्थानात कल्पित व्यक्तीच्या मागे एक हेतू आहे, आणि वहिवाटदार त्या हेतूला बांधलेला आहे. कंपनीच्या मागचा हेतू, अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी 1970 साली मांडलेल्या आणि पुढे धर्मवचनासारख्या मानल्या गेलेल्या विचारानुसार, नियमांच्या चौकटीत राहून भागधारकांचा नफा वाढवणे एवढाच उरला. खेळ हे त्या नफ्याचे एक साधन झाले, जसे कापड, तसा खेळ. ज्याने त्या खेळाची एक ओळही लिहिली नाही, कदाचित तो खेळून पाहिलाही नाही, अशा भागधारकाच्या ठायी फळाची आसक्ती संपूर्ण आणि कर्म शून्य. आणि रात्र रात्र जागणाऱ्याच्या वाट्याला कर्म संपूर्ण आणि फळावर अधिकार शून्य. गीतेच्या उपदेशाची इतकी काटेकोर उलटापालट क्वचितच पाहावयास मिळेल.

विश्वस्ताच्या भावनेने वागणारा माणूस या धंद्यात झालाच नाही असे मात्र नव्हे. सातोरू इवाता हे स्वतः प्रोग्रामर. 1993 साली कर्जात बुडालेल्या हॅल लॅबोरेटरीचे प्रमुखपद त्यांनी पत्करले, ते कर्ज फेडले, आणि 2002 साली क्योटोच्या निंटेंडो कंपनीचे ते अध्यक्ष झाले. 2011 साली आणि पुन्हा 2014 साली कंपनीचे दिवस फिरले तेव्हा त्यांनी काही महिने आपला पगार निम्म्यावर आणला. आणि माणसे कमी करा या भागधारकांच्या सूचनेला त्यांनी दिलेले उत्तर असे होते की नोकरी जाण्याच्या भीतीखाली काम करणाऱ्यांच्या हातून लोकांच्या मनाला भिडणारे खेळ होतील असे आपल्याला वाटत नाही. बेल्जियममधील लॅरियन स्टुडिओची बहुतांश मालकी त्याचे संस्थापक स्वेन विंके यांच्याकडे राहिली, आणि ‘बाल्डर्स गेट 3’ सारखा दीर्घ परिश्रमांचा खेळ 2023 साली त्यांनी पूर्ण करून दाखवला. फ्रान्समधील बोर्दो येथील मोशन ट्विन या मंडळीने तर सहकारी संस्था म्हणून, सर्वांना सारखा पगार या तत्त्वावर, ‘डेड सेल्स’ हा यशस्वी खेळ निर्माण केला. सहकाराच्या पुण्याईवर साखर कारखाने आणि पतपेढ्या उभ्या करणाऱ्या महाराष्ट्राला या शेवटच्या उदाहरणाचे मर्म समजावून सांगण्याची गरज नाही.

तथापि एखाद्या इवातांच्या सौजन्यावर हजारोंचे भवितव्य सोपवणे म्हणजे सज्जन वहिवाटदार मिळावा म्हणून देवालाच नवस बोलण्यासारखे आहे. गांधीजींची विश्वस्तवृत्तीची कल्पना श्रीमंतांच्या सद्बुद्धीवर विसंबलेली, म्हणून भाबडी, अशी टीका नेहमी होते. पण त्या कल्पनेचा जो मसुदा त्यांनी पाहून मान्य केला होता, त्यात मालकीवर कायद्याचे नियमन वर्ज्य मानलेले नाही, हे टीकाकार विसरतात. भक्ताला जशी देवस्थानच्या कारभाराविरुद्ध दाद मागता येते, तशी कारागिराला स्टुडिओच्या कारभाराविरुद्ध मागता आली पाहिजे, आणि ती उपकार म्हणून नव्हे, लेखी हक्क म्हणून. मायक्रोसॉफ्टच्या मालकीच्या झेनिमॅक्समधील चाचणी करणाऱ्या सुमारे 300 कामगारांनी 2023 साली संघटना केली, आणि 2025 साली त्यांचा कंपनीशी लेखी करार झाला. मनमानी बडतर्फीपासून संरक्षण आणि तक्रार ऐकून घेण्याची ठरलेली रीत त्यात आहे. पुण्यामुंबईत, बंगळूरमध्ये या धंद्यात उतरणाऱ्या मराठी तरुणतरुणींना माझे सांगणे एवढेच आहे की करारनाम्यावर सही करण्यापूर्वी झेनिमॅक्सचा तो करार मिळवून वाचावा, आणि त्यातील कोणती कलमे आपल्या करारनाम्यात नाहीत ते मालकाला विचारावे.